डिझेल भरले, तरी ट्रक का सुरू होत नाही?

मोटारसायकलचे पेट्रोल रस्त्यात संपले तर आपण काय करतो? जवळच्या पंपावरून बाटलीभर पेट्रोल आणतो, टाकीत ओततो, दोन-चार किका मारतो आणि निघतो. इंधन संपले म्हणून गाडी थांबली होती, इंधन मिळाले म्हणून ती सुरू झाली. यात न समजण्यासारखे काही नाही.

आता रस्त्याच्या कडेला उभा असलेला एखादा जुना ट्रक पाहा. त्याचे डिझेल संपले होते. क्लीनरने कॅन भरून डिझेल आणले, टाकीत वीस लिटर ओतले. ड्रायव्हरने सेल्फ मारला. इंजिन फिरते, घरघरते, पण पेट घेत नाही. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. दहा मिनिटांत बॅटरी उतरते. मग चार माणसे धक्का मारतात, तरीही ट्रक सुरू होत नाही. शेवटी मेकॅनिक येतो, एक पाना काढतो, कुठलासा स्क्रू सैल करतो, एक लहानसा पंप हाताने मारत राहतो, आणि थोड्या वेळाने ट्रक सुरू होतो. विचारले तर म्हणतो, "काही नाही, एअर धरली होती."

एअर धरली म्हणजे नेमके काय झाले? टाकीत इंधन आहे, बॅटरी आहे, इंजिन फिरते आहे. मग अडले कुठे? या प्रश्नाचे उत्तर आठवी-नववीच्या पुस्तकात आहे. वायू दाबला जातो आणि द्रव जवळजवळ दाबला जात नाही, एवढेच ते उत्तर. परंतु या एका वाक्यावर डिझेल इंजिन चालते कसे आणि अडते कसे, या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत. म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहू.

तेरच्या वाटेवर

गोरोबाकाकांचे तेर हे गाव धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' या नावाने व्यापाराचे मोठे केंद्र म्हणून प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तेथील कापड गाड्यांमधून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात नोंदलेले आहे. या गाड्यांचे 'इंधन' म्हणजे वैरण. बैल उपाशी राहिला तर थांबेल. पण पुढ्यात कडबा आणि पाणी ठेवले की काही वेळाने तो पुन्हा जुवाखाली मान देईल. भूक लागली म्हणून त्याच्या अन्ननलिकेत हवा अडकून बसत नाही.

आज याच परिसरात मालाची वाहतूक ट्रक आणि ट्रॅक्टर करतात. गळिताच्या हंगामात उसाने भरलेली वाहने साखर कारखान्यांकडे जातात. तोडलेला ऊस जितका जास्त वेळ उन्हात राहील तितका तो वाळतो आणि त्यातील साखरही कमी होत जाते. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर धावतात. २०१५-१६ च्या दुष्काळात तर शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ पासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. खेड्यापाड्यांचा भार टँकरवरच होता. दहा हजार लिटरचा एक टँकर, माणशी वीस लिटर धरले तर, पाचशे माणसांचे एका दिवसाचे पाणी घेऊन चाललेला असतो. असा टँकर वाटेत एअर धरून उभा राहिला की पाचशे माणसांच्या घागरी रिकाम्या राहतात. नळीतल्या हवेच्या बुडबुड्याला एवढी किंमत असते.

ठिणगीशिवाय आग

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा स्पार्क प्लग नसतो. तरीही इंधन पेटते कसे?

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे सर्वांनी अनुभवले असेल. हवा झपाट्याने दाबली की तिचे तापमान वाढते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच गुणधर्माचा उपयोग केला. १८९३ साली त्याला आपल्या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले.

ट्रकच्या इंजिनात सिलिंडरमध्ये आधी फक्त हवा घेतली जाते. मग दट्ट्या वर येतो आणि त्या हवेचे आकारमान साधारण सतराव्या हिश्श्यावर आणतो. हे इतक्या वेगाने घडते की उष्णतेला बाहेर पडायला फारसा वेळ मिळत नाही. सुरुवातीला २७ अंश सेल्सिअस असलेली हवा ५०० अंशांच्या पुढे तापते. डिझेल २५० अंशांच्या आसपासच आपोआप पेट घेते. त्यामुळे या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की लगेच ज्वलन सुरू होते. हवा दाबली जाते म्हणून डिझेल इंजिन चालते, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवू.

पण फवारा सोडायचा कसा? सिलिंडरमधल्या हवेचा दाब त्या वेळी बाहेरच्या हवेच्या चाळीसपट किंवा त्याहून जास्त असतो. बॉइलच्या नियमाने तो सतरापट यायला हवा. परंतु हवा तापल्यामुळे तो आणखी वाढतो. एवढ्या दाबाविरुद्ध इंधन आत घुसवायचे, तेही धुक्यासारखे बारीक करून, म्हणजे इंधनाचा स्वतःचा दाब कितीतरी अधिक हवा. खुद्द डिझेलच्या इंजिनात दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत फुंकले जाई. त्यासाठी वेगळा मोठा कॉम्प्रेसर लागे. असे अवजड धूड ट्रकवर बसवणे व्यवहार्य नव्हते. १९२७ साली बॉश कंपनीने केवळ इंधनालाच दाबून फवारणाऱ्या पंपाचे कारखान्यात उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन रस्त्यावर येण्याची वाट मोकळी झाली. जुन्या ट्रकमधील इंजिनाच्या बाजूला बसवलेला, डोक्यावर ओळीने चार किंवा सहा बारीक पोलादी नळ्या असलेला पंप हा त्याचाच वंशज. नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला प्रत्येक सिलिंडरसाठी एक इंजेक्टर असतो. हे इंजेक्टर आणि त्यांची नोझले महाराष्ट्रात नाशिकलाही बनतात. 'मायको' हे नाव त्यामुळेच प्रत्येक डिझेल मेकॅनिकच्या तोंडी असते.

एका थेंबाहूनही कमी

इंजेक्टर एका वेळी किती डिझेल फवारतो? हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखा आहे.

समजा, सहा सिलिंडरचा ट्रक ताशी ४८ किलोमीटर वेगाने चालला आहे आणि लिटरला ४ किलोमीटर जातो. म्हणजे तासाला १२ लिटर डिझेल लागते. इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे होत आहेत. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा फवारा सोडला जातो. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० फवारे, सहा सिलिंडरांत ६०००, आणि तासाला ३,६०,००० फवारे. १२,००० मिलिलिटरला ३,६०,००० ने भागले की उत्तर येते ०.०३३ मिलिलिटर. पाण्याचा एक साधा थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे प्रत्येक फवारा थेंबाच्या दोन तृतीयांश एवढाच!

एवढे अल्प इंधन सेकंदाच्या काही सहस्रांश भागात, नेमक्या क्षणी फवारायचे. इंजेक्टरच्या टोकाशी एक सुई जोरकस स्प्रिंगने छिद्रे बंद करून बसलेली असते. इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण २०० पट झाला की मगच ती सुई उचलली जाते. दाब त्याहून कमी असेल तर छिद्र बंदच. अर्धवट, लुळा फवारा पडू नये म्हणून ही योजना मुद्दाम केलेली असते. आणि हीच योजना एअर धरली की आड येते.

सळई आणि स्प्रिंग

इंधनपंपाच्या आत बोटाएवढे बारीक नळकांडे आणि त्यात वर-खाली होणारा दट्ट्या असतो. दोहोंमधील फट केवळ दोन-तीन सहस्रांश मिलिमीटर असते. आपला केस याच्या वीस-पंचवीसपट जाड असतो. दट्ट्या वर गेला की त्याने वरच्या डिझेलला ढकलायचे, डिझेलने नळीतल्या डिझेलला ढकलायचे आणि दुसऱ्या टोकाला सुई उचलायची.

नळी डिझेलने पूर्ण भरलेली असेल तर हे सहज होते. हवेच्या दाबाच्या २०० पट दाब दिला तरी डिझेलचे आकारमान शेकडा एक-दीडनेच घटते. त्यामुळे नळीतले डिझेल जणू पोलादी सळईसारखे वागते. एका टोकाला ढकलले की दुसरे टोक सरकते.

आता नळकांड्यात डिझेलऐवजी हवा शिरली आहे अशी कल्पना करा. दट्ट्या पूर्ण वर गेल्यावर त्या हवेचे आकारमान दहाव्या हिश्श्यावर येते असे धरू. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचा दाब दहापट होईल. ती थोडी तापेल म्हणून वाटल्यास वीसपट धरा. सुई उचलायला हवा २०० पट! सुई जागची हलत नाही. दट्ट्या खाली आला की दाबलेली हवा पुन्हा पसरते आणि नळकांडे स्वतःच भरून टाकते, त्यामुळे नवे डिझेल आत यायला जागाच उरत नाही. पुढच्या धावेला तीच हवा पुन्हा दाबली जाते, पुन्हा पसरते. सळईच्या जागी स्प्रिंग आली आहे. दट्ट्या इमानेइतबारे काम करतो, पण ते सारे काम ती स्प्रिंग दाबण्यात आणि सोडण्यात वाया जाते.

टाकीत डिझेल ओतून उपयोग का होत नाही, सेल्फ मारून किंवा धक्का मारून उपयोग का होत नाही, हे आता स्पष्ट होईल. धक्का मारल्याने इंजिन फिरते. परंतु इंजिन फिरत नाही ही तक्रार मुळात नव्हतीच. सेल्फच्या जोरावर इंजिन मिनिटाला दीड-दोनशे फेरेच घेते. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप त्या संथ गतीने लांबलचक रिकामी नळी आणि फिल्टर भरू शकत नाही. सेल्फची मोटर मात्र त्या वेळात बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह खेचत असते. म्हणून ड्रायव्हरने करू नये अशी गोष्ट म्हणजे सारखा सेल्फ मारत राहणे. नळीतली हवा नंतरही काढता येते. उतरलेली बॅटरी रानात कशी भरणार?

हवा दाबली जाते म्हणून सिलिंडरमध्ये आग पेटते. हवा दाबली जाते म्हणूनच इंधनाच्या नळीत ती आग पोचू देत नाही. गुणधर्म एकच, जागा बदलली की परिणाम उलटा होतो.

पेट्रोलच्या जुन्या, कार्बुरेटरच्या गाड्यांना हा त्रास का होत नाही, याचे उत्तरही यातच आहे. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल हवेच्या साध्या दाबाखालीच असते आणि इंजिन ते हवेबरोबर शोषून घेते. तिथे पेट्रोल आणि हवा एकत्र करणे हेच काम असते. चार बुडबुडे आले काय आणि गेले काय, फरक पडत नाही.

हवा शिरते कोठून?

टाकीतले डिझेल संपले की नळीत हवा शिरणार, हे उघड आहे. पण टाकी पूर्ण रिकामी होण्याची गरज नसते. टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी साचते. ते ओढले जाऊ नये म्हणून शोषणनळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवलेले असते. समजा, टाकी १०० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे आणि नळीचे तोंड तळापासून अडीच सेंटिमीटर वर आहे. गुणाकार केला तर ११ लिटरहून अधिक डिझेल टाकीत असूनही नळीला मिळत नाही.

त्यात चढ लागला तर? येडशीच्या घाटासारख्या रस्त्यावर वीस मीटरला एक मीटर चढ आहे असे धरू. शंभर सेंटिमीटर लांबीच्या टाकीत मागच्या आणि पुढच्या टोकांच्या पातळीत पाच सेंटिमीटरचा फरक पडेल. शोषणनळी पुढच्या टोकाला असेल तर तिथली पातळी सरासरीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली जाईल. सपाटीवर पुरेसे वाटणारे डिझेल चढावर अचानक 'संपते' ते असे. शिवाय खड्ड्यांमुळे डिझेल हिंदकळते आणि नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते. प्रत्येक वेळी हवेचा एक घोट आत जातो. इंजिन झटके खाऊ लागते. हीच वेळ आहे ट्रक कडेला घेण्याची. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. टाक्यांत साठलेल्या हवेवर थोड्याच वेळा ब्रेक लावता येतात. भर चढावर, भरल्या ट्रकनिशी ही अवस्था येणे धोक्याचे आहे.

हवा शिरण्याची दुसरी वाट अधिक फसवी आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल 'ओढले' जाते. म्हणजे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. या भागात एखादा जोड सैल झाला तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही; उलट बाहेरची हवा आत शोषली जाते. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब जास्त असल्यामुळे सैल जोडातून डिझेल बाहेर येते आणि लगेच दिसते. तेव्हा 'गळत नाही म्हणजे जोड चांगला आहे' हा निष्कर्ष निम्म्या वाटेपुरताच खरा. टाकी भरलेली असताना पुन्हा पुन्हा एअर धरणाऱ्या ट्रकचा दोष बहुधा या कोरड्या दिसणाऱ्या भागात सापडतो.

एअर काढणे

मेकॅनिक जे करतो त्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. आधी टाकीत पुरेसे डिझेल भरायचे. मग डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा सैल करायचा. डोक्यावरचाच का? कारण हवा डिझेलपेक्षा हलकी असल्याने ती फिल्टरमध्ये सर्वांत वर जाऊन बसते. नंतर फीड पंपाला जोडलेला हातपंप दाबत राहायचे. सैल स्क्रूतून प्रथम नुसती हवा फुसफुसते, मग पांढरट फेसाळ डिझेल येते आणि शेवटी बुडबुडे नसलेली स्वच्छ धार. ती दिसली की हातपंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. हात आधी थांबवला तर हवा परत आत जाईल. हेच इंधनपंपावरच्या स्क्रूपाशी करायचे.

इथपर्यंत कमी दाबाचा भाग झाला. आता इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्यांत हवा उरलेली असते. जुन्या इंजिनांत या नळ्यांची इंजेक्टरजवळची नटे थोडी सैल करून सेल्फ मारतात. नट सैल असल्यामुळे सुई उचलण्याची गरज राहत नाही, हवेला बाहेर पडायला मोकळी वाट मिळते. नटापाशी डिझेल उसळू लागले की नट आवळायचे. एकेक सिलिंडर पेट घेऊ लागतो, काळा-पांढरा धूर येतो आणि इंजिन सुरळीत होते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारायचा नाही आणि मध्ये विश्रांती द्यायची.

ही सगळी कृती म्हणजे स्प्रिंग काढून तिथे पुन्हा सळई बसवणे आहे.

विहिरीवरचा पंप: सारखा, पण वेगळा

शेतकऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर पंप पाणी सोडतो आणि पुन्हा सुरू करण्याआधी त्यात बादलीने पाणी भरावे लागते. तिथेही 'पंपाने हवा धरली' असेच म्हणतात. परंतु कारण थोडे निराळे आहे, आणि हा फरक वर्गात अवश्य सांगावा.

विहिरीवरचा पंप दट्ट्याचा नसून फिरत्या पंख्याचा असतो. तो द्रवाला गरगर फिरवून बाहेर फेकतो. असा पंप पाणी २० मीटर उंच चढवू शकत असेल, तर हवा भरलेली असताना तो '२० मीटर उंच हवेच्या स्तंभाएवढा' दाब निर्माण करतो. हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी आहे. म्हणजे हा दाब केवळ अडीच सेंटिमीटर पाण्याएवढा! तेवढ्याने विहिरीतले पाणी वर कसे चढणार? येथे अडचण हवेच्या हलकेपणाची आहे, तर ट्रकच्या इंधनपंपात ती हवेच्या दबण्याची आहे.

दबण्याची अडचण इतरत्रही भेटते. जीपच्या किंवा मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर पेडल मऊ लागते आणि ब्रेक लागत नाही. पायाचा जोर बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. तिथेही 'एअर काढावी' लागते. आपले हृदयही द्रव ढकलणारा पंपच आहे. शिरेवाटे बरीच हवा हृदयात गेली तर ते रक्ताऐवजी त्या हवेलाच दाबत बसते. म्हणून इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिका सिरिंज उभी धरून टिचकी मारते आणि हवा बाहेर काढते. बुडबुडा वर जातो, मग तो बाहेर काढायचा. फिल्टरच्या डोक्यावरच्या स्क्रूचेच हे तत्त्व.

नव्या गाड्यांत काय बदलले?

१ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या वाहनांना भारत स्टेज-६ ची मानके लागू झाली. आजच्या ट्रकांत प्रायः 'कॉमन रेल' पद्धत असते. एकच पंप सर्व इंजेक्टरांसाठी एका जाड नळीत डिझेल साठवतो. त्याचा दाब हवेच्या दाबाच्या १६०० ते २००० पट आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त असतो. इंजेक्टर कधी उघडायचा हे संगणक ठरवतो.

भौतिकशास्त्र मात्र बदललेले नाही. या गाड्याही डिझेल पूर्ण संपले तर अडतात आणि त्यांच्याही कमी दाबाच्या नळ्यांतील हवा हातपंपाने किंवा विजेच्या पंपाने काढावी लागते. दोन गोष्टी अधिक कडक झाल्या आहेत. एक, जास्त दाबाच्या नळीचे नट सैल करण्याची जुनी युक्ती येथे कदापि करू नये. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत घुसते. बाहेरून जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत गंभीर इजा झालेली असते आणि ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागू शकते. दोन, या पंपाला वंगण म्हणून डिझेलच मिळते. डिझेलशिवाय तो फिरला तर धातूवर धातू घासतो, झिजलेले कण पुढे इंजेक्टरपर्यंत जातात आणि दुरुस्ती फार महागात पडते.

म्हणून टाकी पाव भरलेली असतानाच डिझेल घेण्याची सवय ही कंजूषपणाच्या नेमकी उलट दिसली, तरी खरी काटकसर तीच. टाकीत भरलेले डिझेल कुठे जात नाही. ते आज ना उद्या वापरायचेच असते.

वर्गात करून पाहा

यासाठी १० मिलिलिटरच्या दोन नव्या, सुई नसलेल्या सिरिंजा आणि सलाइनची वीतभर नळी लागेल. वापरलेल्या सिरिंजा घेऊ नयेत.

१) एका सिरिंजमध्ये १० मिलिलिटर हवा घ्या, तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. या सिरिंजच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण २ चौरस सेंटिमीटर असते. पाच किलो वजनाएवढा जोर लावला तर हवा सुमारे ३ मिलिलिटरपर्यंत दबते. सोडली की दट्ट्या मागे येतो. आता हवेऐवजी पाणी भरा आणि तेवढाच जोर लावा. पाण्याचे आकारमान फक्त एक सहस्रांश मिलिलिटरने घटते. सिरिंजवरच्या खुणांवर ते दिसणेच शक्य नाही.

२) दोन्ही सिरिंजा नळीने जोडा. पहिलीत आणि नळीत पाणी भरा, दुसरी रिकामी ठेवा. दुसरीच्या दट्ट्यावर एका विद्यार्थ्याला अंगठा दाबून धरायला सांगा. पहिली दाबताच त्याला अंगठ्यावर लगेच जोर जाणवेल. आता पहिलीत पाण्याऐवजी हवा भरून तेच करा. पहिला दट्ट्या बराच आत गेला तरी दुसरा हलत नाही. दुसऱ्यावर दोन किलो वजनाएवढा जोर असेल, तर नळीतली हवा आणि घर्षण सोडून, १० मिलिलिटर हवा ५ मिलिलिटर होईपर्यंत दुसरा दट्ट्या जागचा हलणार नाही. निम्मी धाव वाया!

३) निम्मे पाणी आणि निम्मी हवा घेऊन पाहा. नंतर सिरिंज उभी धरून बुडबुडा वर आणा, तो बाहेर काढा आणि पुन्हा पाहा. विद्यार्थ्यांनी स्वतःच 'एअर काढली' आहे.

प्रयोग संपल्यावर त्यांना एक प्रश्न द्यावा. एका ट्रकची टाकी काठोकाठ भरलेली आहे. रात्रभर उभा राहिल्यावर तो सकाळी सुरू होत नाही. एअर काढली की सुरू होतो आणि दिवसभर चालतो. खाली कुठेही डिझेल सांडलेले नाही. दोष नळीच्या कोणत्या भागात शोधाल, आणि तो भाग कोरडा का दिसतो? उत्तराबरोबर कारणही लिहायला सांगावे.